पुळणीवरून लांब फेक: १३ फुटी की १४ फुटी, आणि रील कुठल्या मापाचं?

सुरूबन:
गुहागर, आरे-वारे आणि भाट्याच्या पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे आहेत. सध्या ९ फुटी, २० ते ६० ग्रॅमचा स्पिनिंग रॉड आणि ४००० मापाचं रील आहे. ५० ग्रॅम शिशाने साठेक मीटर जातं, पण पाण्याला आडवी ओढ लागली की शिसं दहा मिनिटांत काठाला येऊन पडतं. आता १२० ते १५० ग्रॅम शिसं, कोळंबी किंवा तारलीचं आमिष आणि आमिषासकट शंभर मीटर, एवढं हवंय. मासा म्हणजे रावस, पालू, मोठा शिंगाळा, कधी पाकट. उंची ५ फूट ४ इंच. प्रवास एसटीने नाहीतर दुचाकीवर. बजेट सगळं मिळून १५ हजार, थोडं ताणता येईल.

१) १३ फुटी घ्यावा की १४?
२) टेलिस्कोपिक चालेल का?
३) रील ८००० की १४०००? की मल्टिप्लायर (आडव्या ड्रमचं रील)?
४) तंगूस (एकपदरी नायलॉन दोरी) की ब्रेडेड (विणलेली)?

उधाणभांग:
उलटीकडून या. आधी शिसं ठरवा, मग ते फेकणारा रॉड, मग दोरी, आणि सगळ्यात शेवटी रील. दुकानात नेमकं याच्या उलट होतं. काचेतलं चकचकीत रील आधी बाहेर येतं आणि दोन तृतीयांश पैसे तिथेच संपतात.

अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा), वारा पडलेला असताना, ११० ग्रॅमचं साधं शिसं जागेवर राहतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात जोरात धावतं, तेव्हा १५० ग्रॅमचं गुळगुळीत शिसंही घरंगळतं. अशा वेळी वजन वाढवत बसू नका, तारांचं शिसं लावा. त्याचे चार पाय वाळूत रुततात, आणि ओढताना जोर दिला की खाचेतून सुटून मागे वळतात. १४० ग्रॅमचं तारांचं शिसं १८० ग्रॅमच्या साध्यापेक्षा घट्ट धरतं. फक्त खडपाजवळ (खडकांजवळ) तारा नकोत, अडकलं की गेलंच.

म्हणजे तुमचा रॉड १४० ग्रॅम शिसं आणि ३० ग्रॅम आमिष, मिळून १७० ग्रॅम फेकणारा हवा. लेबलवरचा वरचा आकडा ही रॉडची मर्यादा असते, तिथे तो आरामात काम करत नाही. १००-२५० लिहिलेला बरा रॉड १५० ते १७५ ला खुलतो. ८०-१५० वाला याच वजनाला मऊ पडतो, फेक उंच जाते आणि पुढे जात नाही.

जुने जपानी रॉड मिळाले तर त्यावर ३०-४०५, ३३-४२५ असे आकडे असतात. दुसरा आकडा लांबी, ४०५ म्हणजे ४.०५ मीटर. पहिला शिशाचा जपानी नंबर, एक नंबर म्हणजे ३.७५ ग्रॅम. ३० नंबर म्हणजे ११२ ग्रॅम, ३३ म्हणजे १२४. हे रॉड तिकडच्या किसू माशासाठी बनतात, जो आपल्या मुडदुशीचा भाऊबंद. बारीक गळ, बारीक आमिष, लांब फेक. मुडदुशीला उत्तम, पण अख्खी तारली आणि तारांचं शिसं लावलंत तर नंबर ३५ च्या खाली जाऊ नका. इंग्लंडकडच्या रॉडवर औंस असतात: ४ औंस ११३ ग्रॅम, ५ औंस १४२, ६ औंस १७०.

लांबी. पाच-चार उंचीला १३ फूट, म्हणजे ३.९० ते ४.०५ मीटर. १४ फुटी लांब जातो हे खरं, पण तो तितक्याच वेगाने फिरवता आला तर. शिशाला वेग टोकाकडून मिळतो. जड रॉड अर्ध्या वेगाने फिरला तर जास्तीचा फूट नुसता खांद्याला लागतो.

लांबीपेक्षा महत्त्वाची गोष्ट कुणी मोजत नाही, ती म्हणजे रील-सीटची (रॉडवर रील बसतं त्या खाचेची) जागा. रॉडचं बूड डाव्या मुठीत धरून छातीच्या मधल्या हाडापाशी टेकवा, उजवा हात रॉडवरून सरळ पण न ताणता पुढे न्या. उजवी मूठ पडेल तिथे रीलचा पाय यायला हवा. तुमच्या उंचीला हे माप ६५ ते ७० सेंटीमीटर येईल. बाजारातले बरेच रॉड ७५ ते ८० वर सीट बसवून येतात. मग उजवा हात पूर्ण ताणलेला राहतो, फेकताना खाली खेचायला डाव्या हाताला जागाच उरत नाही, आणि माणूस समजतो की ताकद कमी पडली.

टेलिस्कोपिकचा मोह एसटीमुळे होतो, समजू शकतो. पण पाच-सहा तुकडे एकात एक बसतात, प्रत्येक जोडावर दुहेरी भिंतीचं वजन. वाळूचा एक कण आत गेला की तुकडा अडकतो. सरकत्या रिंगा फेकता फेकता फिरतात, दोरी वाकडी चालते. आणि मोडतो तो बहुधा टोकाकडून दुसऱ्या जोडावर, कारण तो तुकडा पूर्ण ओढून घट्ट बसवलेला नसतो. त्यापेक्षा तीन समान तुकड्यांचा घ्या. ४.०५ चा रॉड दुमडून १.४० मीटरच्या आसपास होतो, एसटीत सीटशेजारी उभा राहतो. जोडावर वर्षातून दोन-तीनदा साधी मेणबत्ती घासा, जोड रुतत नाही आणि फेकताना फिरतही नाही.

घेताना खिशात कापसाचा बोळा ठेवा. प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी सिरॅमिकला चीर आहे, ती तुमची नवी दोरी दोन दिवसांत खाईल. मोठ्या स्पूलच्या (दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या) रीलला बुडाकडची पहिली रिंग ४० मिलिमीटर किंवा जास्त हवी. २५ ची असेल तर दोरीचे वेटोळे तिथेच आदळतात आणि पंधरा-वीस मीटर जागीच जातात.

लीडर_गाठ:
रॉडचं वर आलंय, मी रील आणि दोरीवर लिहितो.

८००० की १४००० या वादात पडू नका. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. एकीचं १४००० आणि दुसरीचं ६००० शेजारी ठेवलं तर स्पूल जवळजवळ सारखे निघतात. फूटपट्टी न्या आणि स्पूलच्या पुढच्या कडेचा व्यास मोजा. ७० मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात २२ सेंटीमीटर दोरी, शंभर मीटरला साधारण ४५५ वेढे. तुमच्या सध्याच्या रीलचा ४८ धरला तर एका वेढ्यात १५ सेंटीमीटर, म्हणजे ६६० च्या वर वेढे, आणि स्पूलही अरुंद. शंभर मीटर सुटेस्तोवर दोरी खोल उतरते, प्रत्येक वेढा कडेला घासत वर चढतो. फेकीचा शेवटचा तिसरा भाग इथे मरतो. दुसरं माप स्पूलच्या वर-खाली चालण्याचं: ३५ मिलिमीटर किंवा जास्त. स्पूल उथळ आणि पुढे निमुळता असेल तर आणखी बरं.

किती दोरी मावेल याचा हिशेब सोपा आहे. लांबी गुणिले जाडीचा वर्ग, हे कायम राहतं. रीलवर ०.४० ची ३०० मीटर लिहिली असेल तर ०.३० ची ३०० × ०.१६ ÷ ०.०९, म्हणजे ५३० मीटर. एवढी लागत नाही. खाली जुना तंगूस भरून घ्या आणि वर नवा २५० मीटर. कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलं की पहिल्याच फेकीला वेटोळ्यांचा पुंजका बाहेर येतो.

तंगूस की ब्रेडेड: पहिला मोसम तंगूसच. ०.३० मिलिमीटर, ६ ते ७ किलोचा. ब्रेडेड ०.१६-०.१८ ने पंधरा-वीस मीटर जास्त जाते, आडव्या ओढीत पाणी तिला कमी धरतं आणि टिचकी लगेच कळते. पण ढिली गुंडाळली गेली की फेकताना गाठोडं होतं आणि १५० ग्रॅम शिसं एकटंच पुढे जातं. खडपावर एक घासा आणि तुटली. लाटेतली वाळूही तिला खाते. तंगूस यातलं बरंच माफ करतो.

लीडर, म्हणजे दोरीच्या शिशाकडच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा, मात्र दोन्हीला सक्तीचा. औंसाला दहा पौंड हा जुना हिशेब आहे: १४० ग्रॅम म्हणजे ५ औंस, म्हणजे ५० पौंडाचा लीडर, साधारण ०.६५ ते ०.७० मिलिमीटर. तो का? फेकीच्या क्षणी शिशाचा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो, आणि ७ किलोची दोरी तिथे कडकन तुटते. तुटलेलं शिसं गोळीसारखं जातं. गुहागरला सुट्टीच्या दिवशी किती लोक पाण्यात असतात ते आठवा. लीडरची लांबी दोन रॉड आणि स्पूलवर सहा वेढे. तुमच्या रॉडला साडेनऊ मीटर.

गाठ अशी: लीडरच्या टोकाला एक साधी गाठ घाला, घट्ट करू नका. तंगूस तिच्यातून ओवा. लीडरची गाठ पकडीने ओढून बंद करा. आता तंगुसाने लीडरभोवती पाच वेढ्यांची युनी गाठ मारा, थुंकी लावा, हळू ओढा. कोरडी ओढलीत तर तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. लीडरचं टोक ४५ अंशांत तिरकं कापा, मागे दोन मिलिमीटर ठेवा. ही गाठ ब्रेडेडला नको, ती घसरते. ब्रेडेडला एफजी नावाची गाठ शिका, घरी बसून पंधरा-वीस वेळा बांधल्याशिवाय पुळणीवर बांधू नका. गुंडाळताना लीडरची गाठ स्पूलच्या मागच्या कडेला येईल असं बघा. पुढे आली तर फेकताना बोट सोलते.

फेकताना दोन चुका हमखास होतात. एक, ड्रॅग (स्पूलचा ब्रेक) ढिला राहतो, स्पूल फिरतो आणि दोरी बोट कापते. प्रत्येक फेकीआधी ड्रॅग पूर्ण आवळा, शिसं बसलं की पुन्हा ढिला करा. दोन, फेकीच्या झटक्याने रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) फिरून बेल (त्यावरची दोरी अडवणारी तारेची कडी) आपोआप बंद होते आणि शिसं तुटून जातं. फेकायच्या आधी रोटर हाताने असा फिरवा की लाइन रोलर (बेलच्या टोकाची, दोरी वळवणारी चकती) तुमच्या बोटाखाली, रीलच्या पायाजवळ येईल. तिथून बेल पडायला रोटरला बराच फिरावा लागतो. मोठ्या रीलमध्ये रोटरला रबरी ब्रेक असतो, तो झिजला असेल तर आधी बदला. बोटाला चामडी टोपी हवी, जुन्या हातमोज्याचं बोट कापलं तरी चालतं.

कातळकडा:
मल्टिप्लायरवर दोन शब्द, कारण तो कोणीच सुचवणार नाही. ६५०० मापाचा, चुंबकी ब्रेकवाला मल्टिप्लायर १५० ग्रॅम आणि मोठं आमिष फेकायला सुरेख आहे. दोरी थेट ड्रमवर येते, रोलरवर काटकोनात वळत नाही, त्यामुळे पाकट वाळूला चिकटून बसली की हँडल फिरवायला जोर मिळतो. पण अंगठ्याने दोरी समान पसरवत गुंडाळावी लागते. एका बाजूला ढीग झाला की पुढच्या फेकीला ड्रम दोरीपेक्षा वेगाने फिरतो आणि पक्ष्याचं घरटं तयार. समोरून वारा असेल तर आणखी लवकर. शिकताना ब्रेक पूर्ण चालू, ०.३५ तंगूस, ड्रम कडेपासून २ मिलिमीटर कमी भरलेला आणि उजेडात फेक. रात्री अंधारात शिकायची गोष्ट नाही. आणि मल्टिप्लायरच्या रॉडला पहिली रिंग लहान असते, म्हणजे एकच रॉड दोन्हीला नीट चालत नाही. तुमच्यासाठी आत्ता साधं रील.

नगली_स्पेशल:
सगळं बरोबर आहे, पण शंभर मीटर कशाला? रावस फुटत्या लाटेच्या फेसात चरायला येतो, पुष्कळदा ३०-४० मीटरवर. तुम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकता.

अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुकतीला, पाणी सगळ्यात मागे गेलेलं असताना, पुळणीवर चालून या. वाळूचे उंचवटे आणि मधले चर उघडे दिसतात. चर जिथे तुटून समुद्राकडे तोंड करतो, तिथून मासा आत येतो. ती जागा मागच्या सुरूच्या झाडांवरून धरा: दोन झाडं एका रेषेत आली की बरोबर समोर. मग पावलं मोजा. बऱ्याच पुळणींवर पहिला चर ५० पावलांच्या आत निघतो. शंभर मीटर लागतात ते दुसऱ्या उंचवट्याच्या पलीकडे, सपाट पुळणीवर आणि ओहोटीला. मोठा पावसाळा झाला की चर हलतात, दसऱ्यानंतर पुन्हा मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट, लांब फेकताना अर्ध्या वेळी गळावर आमिषच नसतं. तारली मऊ, झटक्यालाच फाटते. आदल्या दिवशी तारल्यांना जाडं मीठ चोळून डब्यात थरावर थर लावा, सुटलेलं पाणी काढत जा. दुसऱ्या दिवशी मांस चामट होतं. मग गळावर लावून आमिषाच्या बारीक इलास्टिक दोऱ्याने दहा-बारा वेढे. कोळंबी शेपटीकडून सरळ ओवा, वाकडी राहिली तर हवेत भोवऱ्यासारखी फिरते आणि आमिषाचा दोर पिळतो. दोर ६०-७० सेंटीमीटर, ०.५० चा, गळ ३/० किंवा ४/०, आणि फेकताना गळ शिशाच्या वरच्या क्लिपमध्ये अडकवून ठेवा. पाण्यावर आपटला की सुटतो. मोकळं लोंबतं आमिष हवेत पॅराशूटसारखं धरून ठेवतं, नवा रॉड घेण्याआधी ही क्लिप लावून बघा.

उधाणभांग:
नगली, चराचं शंभर टक्के मान्य. पण त्यांचं शिसं वाहून येतंय ही अडचण ४० मीटरवरही राहणारच. जड शिसं पेलणारा रॉड त्यासाठीही लागतो, फेक लांब जाते हा वरचा फायदा.

सुरूबन:
सगळ्यांचे आभार. माप घेतलं, ६६ सेंटीमीटर आलं. दुकानात दोन रॉड आहेत, दोन्ही तीन तुकड्यांचे. एक ४.२० मीटर, १००-२५०, सीट ७९ वर. दुसरा ३.९० मीटर, १००-२००, सीट ७२ वर. पहिला जास्त आवडलाय. बूड कापून घेतलं तर? आणि एक वापरलेलं मोठं रील निम्म्या किमतीत मिळतंय. काय तपासू?

उधाणभांग:
दुसरा घ्या. १७० ग्रॅमला १००-२०० चा रॉड वरच्या टोकाकडे येतो, पण फेक सरळ डोक्यावरून, झटका न देता वळवलीत तर निभावतो. तारांचं शिसं १४० च्या वर नको, एवढं पाळा.

पहिल्याचं तुम्हाला १३ सेंटीमीटर कापावं लागेल. सात-आठच्या पुढे कापलं की बुडाचं वजन जातं, रॉड टोकाकडे जड होतो आणि डाव्या हाताचा तरफेचा फायदाही कमी होतो. दुसऱ्याला कापायचं असेल तरी आधी करवत उचलू नका. डावी मूठ बुडापासून सहा सेंटीमीटर वर धरून पाच-सहा फेकी करा. फरक जाणवला तरच कापा. बुडाची रबरी टोपी गरम पाण्यात दोन मिनिटं धरली की निघते. कापायच्या जागेवर मास्किंग टेपचे तीन वेढे, बारीक दातांचं हॅकसॉ ब्लेड, आणि रॉड फिरवत सगळीकडून थोडं थोडं. एका बाजूने आरपार कापलं तर कार्बनचे तंतू उसवतात. तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ छातीत जायला नको.

लीडर_गाठ:
वापरलेल्या रीलचं: सगळ्यात आधी लाइन रोलर. दोरीचा तुकडा त्यावरून ओढा, रोलर फिरला पाहिजे. दोरी नुसती घसरत असेल तर बेअरिंग खाऱ्या पाण्याने गेलंय. ते स्वस्तात बदलतं, पण रोलरवर नखाला लागणारी खाच पडली असेल तर रोलरच नवा लागतो, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. मग हँडल पुढेमागे हलवा. मागे किंचित ढिलाई चालते, पण दातावर दात आदळल्यासारखा आवाज आला तर सोडून द्या. स्पूल काढून शाफ्ट बघा, पांढरी भुकटी दिसली तर आत मीठ पोचलंय.

ड्रॅग बघायला दोन लिटरची पाण्याची बाटली न्या. दोरीला बांधा, रील हातात उंच धरा, आणि बाटली हळूहळू खाली सरकेल एवढा ड्रॅग ढिला करा. हा दोन किलोचा ताण झाला, तुमच्या ७ किलोच्या तंगुसाला तेवढाच हवा. बाटली अडखळत, थांबत थांबत उतरली तर वॉशर चिकटलेत. ते काढून पुसून ड्रॅगचं ग्रीस लावलं तर बहुतेक वेळा सुटतात, म्हणून फक्त एवढ्यासाठी रील नाकारू नका, किंमत मात्र पाडून घ्या. आणि परत आल्यावर ड्रॅग आवळून मगच गोड्या पाण्याने हलकं धुवा, नळाची धार थेट मारू नका. वाळल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा.